मराठीतलं विज्ञान नेटवर कुठे सापडतं?

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. वर्गात स्मार्ट टीव्ही आहे, पण नेट बहुतेकदा माझ्याच मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतं. एखादा घटक शोधायला गेलं की इंग्रजी व्हिडिओ येतात, नाहीतर हिंदी, नाहीतर क्लासच्या जाहिराती. माझी मुलगी सेमीला सातवीत आहे, घरी तिच्यासाठी शोधतानाही हाच गोंधळ. मराठीत विश्वासानं दाखवता येईल असं काही आहे का? आणि चांगलं कुठलं, चुकीचं कुठलं, हे ओळखायचं कसं?
– एक शिक्षिका, भोर तालुका

उत्तर : ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो. समोर आलेलं खरं आहे की नाही हे कळलं नाही, तर मी कितीही पत्ते दिले तरी उपयोग नाही. आणि ही गोष्ट मला स्वतःला फार उशिरा कळली.

ताटलीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती आणि तिच्यावर उपडा काचेचा पेला. मेणबत्ती विझते आणि पाणी पेल्यात चढतं. हा प्रयोग तुम्हीही केला असेल. मी शिकवत होतो तेव्हा दरवर्षी करायचो आणि दरवर्षी सांगायचो, ‘पेल्यातला ऑक्सिजन जळून गेला, त्याची जागा पाण्यानं घेतली. हवेत ऑक्सिजन साधारण एक पंचमांश, म्हणून पाणीही तेवढंच चढलं.’ एका वर्षी सातवीतल्या एका मुलीनं हात वर केला. ‘सर, ऑक्सिजन हळूहळू संपतो ना? मग पाणीपण हळूहळू चढायला पाहिजे. ते विझल्यावरच एकदम का चढतं?’

मला उत्तर देता आलं नाही. त्या दिवशी घरी जाऊन मी प्रयोग पुन्हा केला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिला. मेणबत्ती जळत असताना पाणी जवळजवळ हलत नव्हतं. पेला ठेवताना त्याच्या काठाखालून दोन-तीन बुडबुडे बाहेर पडले. ज्योतीभोवतीची हवा तापून प्रसरण पावली होती, तीच बाहेर जात होती. ज्योत विझली, आतली हवा थंड होऊन आकुंचन पावली, आतला दाब कमी झाला आणि बाहेरच्या हवेच्या दाबानं पाणी आत ढकललं. ऑक्सिजन सगळा संपतच नाही. बराच शिल्लक असताना मेणबत्ती विझते, आणि जो वापरला जातो त्यातून कार्बन डायऑक्साइड तयार होतोच. खात्री करायची असेल तर एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावून त्याच पेल्यानं झाका. पाणी जास्त चढतं. पेला तोच, म्हणजे आतला ऑक्सिजनही सुरुवातीला तेवढाच. वाढली ती उष्णता.

आज हा प्रयोग नेटवर शोधला तर व्हिडिओंची रांग लागते. चित्रीकरण उत्तम, आवाज स्वच्छ, आणि त्यांतल्या कितीतरी व्हिडिओंत कारण मात्र माझं ते जुनंच. बनवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, मी जिथून शिकलो तिथूनच तेही शिकलेले असतात. म्हणून व्हिडिओ वर्गात लावण्याआधी मी एकच पाहतो : सांगितलेलं कारण तपासायला मुलांच्या हाती काही आहे का? इथे होतं, आणखी दोन मेणबत्त्या. जिथे तसं काहीच नाही, फक्त ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं आहे’ एवढंच वाक्य आहे, तिथे मी थांबतो.

चित्राच्या बाबतीतही तेच करावं. दर दिवाळीला रंगीबेरंगी दिव्यांनी उजळलेल्या भारताचा एक नकाशा ‘दिवाळीच्या रात्रीचा उपग्रहातून घेतलेला फोटो’ म्हणून फिरतो. तो एका रात्रीचा फोटोच नाही. अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेच्या शास्त्रज्ञानं वेगवेगळ्या वर्षांतल्या उपग्रह-नोंदी एकावर एक ठेवून तो 2003 मध्ये तयार केला होता. शहरांचे दिवे कसे वाढत गेले ते दाखवण्यासाठी 1992 चे दिवे निळे, 1998 चे हिरवे आणि 2003 चे लाल रंगवले होते. खरी गोष्ट फिरणाऱ्या खोट्या गोष्टीपेक्षा जास्त रंजक आहे, आणि भूगोलाच्या तासाला ती सोन्यासारखी आहे.

आता हिंदी व्हिडिओंविषयी. मुलांना हिंदी कळतं म्हणून आपण ते निर्धास्तपणे लावतो. पण विज्ञानाच्या परिभाषेत मराठी आणि हिंदी काही ठिकाणी एकच शब्द वेगळ्या अर्थानं वापरतात, आणि मुलं नेमकी तिथेच अडखळतात. बालभारतीच्या पुस्तकात अणू म्हणजे मूलद्रव्याचा लहानात लहान कण आणि अणू जोडले गेले की रेणू. हिंदीत पहिल्याला परमाणु म्हणतात आणि दुसऱ्याला अणु. म्हणजे हिंदी व्हिडिओत ‘पानी का अणु’ ऐकू आलं की तो आपला रेणू. क्षाराचंही तसंच. आपण मिठासारख्या पदार्थांना क्षार म्हणतो. हिंदीत त्यांना लवण म्हणतात, आणि ‘क्षार’ म्हणजे आपली आम्लारी. ‘हळद क्षारात लाल होते’ हे वाक्य ऐकून मराठी मूल मिठाच्या पाण्यात हळद टाकून बघतं आणि काहीच होत नाही म्हणून खट्टू होतं. हिंदी व्हिडिओ जरूर लावा, पण आधी फळ्यावर दोन स्तंभ आखून शब्द मांडा : हिंदीतला एकीकडे, आपला दुसरीकडे. पाच मिनिटांचं काम आहे.

शोधतानाही शब्दच कामाला येतो. ‘लाइटचे प्रयोग’ असं लिहिलं की करमणूक येते. ‘प्रकाशाचे अपवर्तन’ लिहिलं की विषय येतो. नेमका मराठी शब्द आठवत नसेल तर विकिपीडियावर इंग्रजी लेख उघडून भाषांच्या यादीतून मराठीवर जा. लेख छोटा असला तरी शब्द मिळतो. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोशही आता नेटवर पाहता येतात. तुमच्या मुलीसारख्या सेमीच्या मुलांना तर दोन्हीकडचे शब्द लागतातच. तिला एक वही करायला सांगा, डाव्या पानावर इंग्रजी शब्द, उजव्या पानावर मराठी. आईशी बोलताना मराठी शब्द वापरला की पुस्तकातला इंग्रजी शब्दही तिला अर्थासकट लक्षात राहील.

आता ठिकाणं. मला एकच सांगायची मुभा असेल तर मी अरविंद गुप्ता यांचं संकेतस्थळ सांगेन. ‘अरविंद गुप्ता टॉइज’ एवढं लिहिलं तरी सापडतं. आयआयटी कानपूरमधून 1975 साली पदवी घेतलेला हा अभियंता पुण्यात टेल्कोत होता. तिथून वर्षभराची रजा काढून 1978 मध्ये तो मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात गेला. तिथे 1972 पासून 16 सरकारी शाळांत एक वेगळाच विज्ञान-कार्यक्रम सुरू झाला होता. पाठांतर नाही, मुलांनी गटात बसून स्वतः प्रयोग करायचे, नोंदी घ्यायच्या आणि परीक्षेलाही पुस्तक-वही सोबत ठेवायची. खेड्यातल्या शाळेत प्रयोगशाळा कुठून येणार? म्हणून आठवडी बाजारात मिळेल त्यातूनच साधनं करायची. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या जोडून त्रिकोण, चौकोन, घन करण्याची गुप्तांची कल्पना याच बाजारातली. त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चौकोन लगेच तिरका होतो. पुलाच्या कैच्यांत त्रिकोण का असतात, हे मुलाच्या बोटांना शब्दाआधी कळतं.

पुढे अनेक वर्षं ते पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत होते. पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या ‘पुलस्त्य’ इमारतीत हे केंद्र आहे. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर खेळण्यांच्या कृती छायाचित्रांसह आहेत, छोट्या फिल्म आहेत आणि मराठी पुस्तकांचा मोठा साठा फुकट उतरवून घेता येतो. तिथली एक विजेची मोटर वर्गात नक्की करून बघा : एक विद्युतघट, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि तांब्याच्या एनॅमल्ड तारेचं वेटोळं. तारेच्या एका टोकाचा मुलामा पूर्ण खरवडायचा, दुसऱ्या टोकाचा फक्त एका बाजूचा. इथे मुलं हमखास चुकतात, दोन्ही टोकं पूर्ण खरवडतात, आणि वेटोळं थोडं हलून थांबतं. ते थांबू द्या. ‘एका बाजूचा मुलामा का ठेवायचा?’ हा प्रश्न तिथूनच निघतो : अर्ध्या फेरीत विद्युतधारा तोडली नाही तर चुंबक वेटोळ्याला उलट ढकलतो.

दुसरं ठिकाण अगदी वेगळ्या जातीचं आहे. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या आवारात 2002 मध्ये ‘फेट’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. सुरू करणारे कार्ल वीमन, त्याच्या आदल्या वर्षी भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले. फेटवर पडद्यावर हलवून बघायच्या प्रतिकृती आहेत : परिपथ जोडा, दोलक सोडा, रेणू तापवा, ग्रह फिरवा. भाषांची यादी उघडून मराठी निवडलं की मराठीत झालेल्या प्रतिकृती समोर येतात. पैसे नाहीत, जाहिरात नाही. आणि तुमच्या हॉटस्पॉटच्या अडचणीवर उत्तरही तिथेच आहे. घरी किंवा केंद्रशाळेत नेट असताना प्रतिकृती उतरवून पेन ड्राइव्हवर घ्या. नंतर ती नेटशिवाय लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये उघडते. काही टीव्ही अशी फाइल थेट उघडत नाहीत, म्हणून लॅपटॉप केबलनं टीव्हीला जोडलेला बरा.

फेटबद्दल एक आग्रह मात्र धरतो. परिपथाची प्रतिकृती फार देखणी आहे, पण तिथली तार कधी सैल होत नाही आणि जोड कधी गंजत नाही. मुलानं आधी खरा सेल, खरा बल्ब आणि खरी तार जोडावी, बल्ब लागला नाही म्हणून दहा मिनिटं शोधावं, आणि मग पडद्यावर जावं. तिथे त्याला विद्युतधारा वाहताना ‘दिसते’, ती खऱ्या तारेत कधीच दिसणार नसते. जे हातात येऊ शकतं ते आधी हातात द्यावं. जे येऊच शकत नाही, म्हणजे अणू, रेणू, कक्षा, त्याच्यासाठी पडदा आधी चालेल. आणि घरी प्रयोग करताना दीड व्होल्टचे सेलच वापरावेत; भिंतीतल्या सॉकेटला हात नको, हे मुलांना पुनःपुन्हा सांगावं.

बालभारतीच्या पुस्तकांवरचे क्यूआर कोड आणि 2017 मध्ये सुरू झालेलं ‘दीक्षा’ हे व्यासपीठ तुम्हाला ठाऊक आहेच. पाठाशी नेमकं जुळणारं तिथेच मिळतं. पुस्तकांच्या पीडीएफ ई-बालभारतीवर आहेत. मुंबईत मानखुर्दला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र 1974 पासून याच कामात आहे. तिथलं साहित्य शिक्षकानं सावकाश वाचावं असं आहे. माझ्या मते त्याचा खरा उपयोग मुलांच्या चुकीच्या समजुती ओळखण्यासाठी होतो. वाईचा मराठी विश्वकोश नेटवर मोकळा आहे, नोंदी जड वाटल्या तरी भरवशाच्या आहेत. पुण्याहून निघणारं ‘शैक्षणिक संदर्भ’ हे द्वैमासिक वाचाल तर वर्गात काय करावं यापेक्षा का करावं हे जास्त कळेल.

इंग्रजी संकेतस्थळंही सोडू नका. सॅन फ्रान्सिस्कोमधल्या ‘एक्सप्लोरेटोरियम’ या विज्ञानकेंद्राच्या छोट्या प्रयोगांचा संग्रह उत्तम आहे. फक्त सामान बदलून घ्यावं लागतं. आम्ल-आम्लारीसाठी बाहेरची संकेतस्थळं हमखास जांभळ्या कोबीचा रस सांगतात. भोर तालुक्यात तो कुठे शोधणार? अंगणातल्या लाल जास्वंदीच्या चार पाकळ्या गरम पाण्यात भिजवल्या की तोच दर्शक तयार : लिंबाच्या रसात गुलाबी, खाण्याच्या सोड्यात हिरवट. हळद आणि चुना एकत्र करून कुंकू होतं हे आपल्या आज्यांना माहीत होतंच. हळदीचा डाग साबण लावल्यावर लाल होतो तेही तेच. मुलांना विचारा, तो डाग लिंबू पिळल्यावर पुन्हा पिवळा का होतो.

घरी मुलीसाठी फार काही जमवू नका. एक दोरी, एक खडा आणि मोबाइलवरचं घड्याळ पुरेल. दोरी 25 सेंटिमीटर घ्या, खडा हलकेच सोडा, जाऊन परत आला की एक, अशी 20 दोलनं मोजा. सुमारे 20 सेकंद लागतात. आता दोरी एक मीटर करा. लांबी चौपट झाली, पण वेळ 40 सेकंद, फक्त दुप्पट! खडा जड घेतला तर? तिला आधी अंदाज लिहायला सांगा, मग मोजू दे. त्यानंतर फेटवरचा दोलक उघडा. तिथे गुरुत्वाकर्षण बदलून चंद्रावरचा दोलकही बघता येतो. एखाद्या संध्याकाळी ‘स्टेलॅरियम’ उघडा. हे आकाशदर्शनाचं फुकट साधन आहे, ब्राउझरमध्येही चालतं. आपलं गाव निवडून त्या रात्रीचं आकाश आधी पडद्यावर पाहा आणि मग अंगणात जा. भोरचं अंधारं आकाश पुण्या-मुंबईच्या मुलांना मिळत नाही. सप्तर्षी ओळखायला दहा मिनिटं पुरतात.

जे संकेतस्थळ काहीही दाखवण्याआधी मोबाइल नंबर मागतं ते बंद करा. पुढे दिवसभर क्लासचे फोन येतात. आणि आजकाल मुलं थेट संगणकाला मराठीत प्रश्न विचारून सफाईदार उत्तर मिळवतात. त्या उत्तरालाही मेणबत्तीचीच कसोटी लावा : घरी तपासता येईल असं काही सांगितलंय का?

प्रश्न : माझा नातू न्यू जर्सीत सहावीत आहे. व्हिडिओ कॉलवर आम्ही गप्पा मारतो, पण तो लवकर कंटाळतो. दोघांनी मिळून दोन देशांत बसून करता येईल असा एखादा विज्ञानाचा प्रयोग आहे का?
– एक आजोबा, नागपूर

उत्तर : आजोबा, आहे, आणि तो दोन देशांत बसूनच करता येतो. 26 मेच्या सुमारास नागपुरात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. या शून्य सावलीच्या दिवसाची गावागावांची तारीख नेटवर मिळते. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे हा दिवस आपल्याकडे प्रत्येक गावात वर्षातून दोनदा येतो, पण दुसऱ्या वेळी पावसाळी ढग असतात. न्यू जर्सी कर्कवृत्ताच्या बरीच उत्तरेला आहे, त्यामुळे तुमच्या नातवानं तिथे शून्य सावली कधीच पाहिलेली नाही, आणि तिथे राहून पाहणारही नाही. त्याच्या पुस्तकातही ती फारशी असणार नाही. हे त्याला तुम्हीच सांगू शकता.

त्या दिवशी दोघांनी एक-एक मीटरची काठी सपाट जागी ओळंब्यानं सरळ उभी करा. नागपुरात बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास सावली काठीच्या पायाशी जाईल. त्याच्याकडे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे असतं, त्यामुळे त्याची भर दुपार एक वाजायला पाच मिनिटं असताना येईल. तेव्हा तुमच्याकडे रात्रीचे साडेदहा होत आलेले असतील. त्यानं अर्धा तास आधीपासून दर पाच मिनिटांनी सावली मोजावी आणि सगळ्यांत आखूड आकडा लिहून ठेवावा. तो 35 सेंटिमीटरच्या जवळपास असेल. कागदावर एक मीटरऐवजी 10 सेंटिमीटरची काठी आणि साडेतीन सेंटिमीटरची सावली काढून त्या त्रिकोणाचा वरचा कोन कोनमापकानं मोजा : साधारण 19 अंश.

मग नेटवरच्या नकाशात अंतर मोजायची सोय उघडा. नागपूरपासून सरळ उत्तरेला, न्यू जर्सीच्या अक्षांशापर्यंत रेघ ओढा. ती चीनच्या शिनजियांगमध्ये कुठेतरी थांबेल आणि सुमारे 2150 किलोमीटर भरेल. पूर्व-पश्चिम अंतर धरायचं नाही, कारण दोघांनीही आपापल्या भर दुपारी मोजलंय. 19 अंशांना 2150 किलोमीटर, तर 360 अंशांना किती? हे त्रैराशिक नातवालाच करू द्या. उत्तर 40 हजार किलोमीटरच्या आसपास येईल. सुमारे 2200 वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये एराटोस्थेनिसनं पृथ्वीचा घेर असाच काढला होता. त्याला दुसऱ्या गावातल्या सावलीची बातमी ऐकीव माहितीवर घ्यावी लागली. तुमच्याकडे त्या गावात नातू आहे.